इतके दिवस काय करत होतात?

नमस्कार, श्रोतेहो.

क्षयाचा रोगी उशिरा दवाखान्यात आला की पहिला प्रश्न ठरलेला: "इतके दिवस काय करत होतात?" विचारणाऱ्याच्या आवाजात राग असतो आणि रोगी मान खाली घालतो. आज त्याच्या बाजूनं थोडं बोलतो.

क्षयाचा जंतू कमालीचा सावकाश वाढतो. कित्येक जंतू अर्ध्या तासात दुप्पट होतात, याला जवळपास 20 तास लागतात. त्यामुळे हे दुखणं अंगावर कोसळत नाही, मुरत जातं. संध्याकाळी अंग कणकणतं, सकाळी बरं वाटतं. रात्री घामानं कपडे भिजतात. उकडत असेल, म्हणून माणूस कूस बदलतो. कमरेचा पट्टा एक भोक आत जातो, आणि लोक म्हणतात, "वा, बारीक झालात!" छातीत कळ आली असती तर तो धावत सुटला असता, पण फुफ्फुस आतून सहसा दुखत नाही. सिगारेट ओढणाऱ्याकडे तर खोकल्याचं कारण तयारच असतं.

शिवाय भीती. निदान झालं तर काम सुटेल, ठरलेलं लग्न मोडेल, घरात भांडी वेगळी होतील. खरं तर क्षय भांड्यांतून पसरतच नाही, तो पसरतो हवेतून. पण भांडी वेगळी होतात.

तरीही सगळं खापर रोग्याच्या माथी फोडू नका. अनेक जण वेळेवर जातात. औषधाच्या दुकानातून खोकल्याचं सिरप मिळतं, मग अँटिबायोटिक. त्यातली फ्लोरोक्विनोलोन गटातली औषधं क्षयाच्या जंतूलाही काही काळ दाबून ठेवतात. ताप उतरतो, बरं वाटतं, तपासणीतही जंतू हाती लागत नाही. काही आठवड्यांनी पुन्हा खोकला, पुन्हा नवा डॉक्टर, पुन्हा नवं सिरप. थुंकी तपासा, असं कोणी म्हणतच नाही. हा उशीर रोग्याचा कसा?

तेव्हा खोकला दोन आठवड्यांच्या पुढे गेला, की आपणच विचारा, "माझी थुंकी तपासायची का?" साधा क्षय बहुधा 6 महिन्यांच्या गोळ्यांनी बरा होतो. नमुना मात्र नीट द्या. सकाळी उठल्यावर चूळ भरा, मोकळ्या हवेत उभं राहून दोन-तीन खोल श्वास घ्या आणि छातीतून खोकून बेडका काढा. नुसती लाळ दिली, तर जंतू असूनही सापडत नाही.