चार सूत म्हणजे एक फूट

(स्क्रीन काळी. कटरचा आवाज.)

हा जो करकर आवाज येतोय ना, तो पुठ्ठा कापल्याचा आहे, आणि पुठ्ठा आहे द्राक्षाच्या पेटीचा. नाशिकच्या घरात बाकी काही सापडो न सापडो, द्राक्षाची रिकामी पेटी सापडतेच, माळ्यावर नाहीतर पलंगाखाली, कुणाच्या तरी जुन्या वह्या भरून ठेवलेली. आम्ही वह्या बाहेर काढल्या, तशाच परत पलंगाखाली ढकलल्या (ताईला सांगू नका), आणि त्या पेटीतून हे झालं. पंधरा इंच रुंद नाटकाचं स्टेज. पडदा, विंगा (म्हणजे स्टेजच्या दोन्ही बाजूंचे आडोसे), झालरी, लाइट, सगळ्यासकट.

बनवणारी माझी भाची, आठवीत आहे. शाळेत प्रोजेक्टचा विषय दिला 'आपल्या शहरातली कला'. निम्म्या वर्गानं कुसुमाग्रजांचा चार्ट करायचं ठरवलं, आता त्यात चूक काहीच नाही, तात्या इथलेच, नटसम्राट त्यांचं, 23 डिसेंबर 1970 ला पहिला प्रयोग. वसंत कानेटकर पण नाशिकचेच, इथल्या कॉलेजात शिकवायचे, 1962 ला त्यांचं रायगडाला जेव्हा जाग येते आलं. म्हणजे माहिती आयती आहे, फोटो डाउनलोड करायचा, स्केचपेननं बॉर्डर मारायची, झालं. ही म्हणाली, "मामा, लिहिणाऱ्यांचे फोटो सगळेच लावणारेत. नाटक जिथं होतं ती जागा कोणीच नाही करणार." म्हटलं कर, मी शूट करतो. मला वाटलं दोन रविवारचं काम. सतरा दिवस गेले.

(थर्माकोलचा तुकडा, भोकं पडलेला.)

हा पहिला प्रयत्न. महाराष्ट्रात 2018 पासून सजावटीच्या थर्माकोलला बंदी आहे, पण गणपतीच्या कुठल्या तरी जुन्या मखराचा तुकडा निघालाच माळ्यावरून. तिनं त्याची दर्शनी कमान कापली, छान गोल वगैरे, आणि वरून सोनेरी स्प्रे मारला. दोन मिनिटांत कमानीला देवी आल्यासारखी भोकं. स्प्रेमधलं सॉल्व्हंट थर्माकोल विरघळवतं, हे तिघांपैकी एकाला तरी माहीत असायला हवं होतं, आणि ते एकाला माहीत होतं, तो एक म्हणजे आबा, पण ते गॅलरीत पेपर वाचत होते आणि त्यांना कोणी विचारलं नव्हतं.

आबा म्हणजे माझे वडील. नोकरी सातपूरच्या एमआयडीसीत, पण जीव सगळा नाटकात. स्टेजवर कधीच आले नाहीत. राज्य नाट्य स्पर्धा आली की महिनाभर घरी जेवायला नसायचे, साईखेडकर नाट्यगृहात सेट लावायला, खिळे ठोकायला, पडदा ओढायला. कालिदास कलामंदिरला मोठं नाटक आलं की आम्ही बघायला जायचो आणि आबा इंटरव्हलला सांगायचे, तिसरी विंग ढिली बांधलीय.

त्यांनी पेपर खाली ठेवला आणि पहिला प्रश्न विचारला, "माप काय धरलंस?"

माप धरलंच नव्हतं. दार भलतंच मोठं, खुर्ची भलतीच छोटी, म्हणजे खऱ्यात गेलं तर दारातून हत्ती जाईल आणि खुर्चीवर उंदीर बसेल.

मग आबांनी ते सांगितलं, जे मी आयुष्यात पहिल्यांदा नीट ऐकलं. सुताराच्या हिशोबात एका इंचाची आठ सूत. आपण अर्ध्या इंचाला एक फूट धरायचा. म्हणजे चार सूत म्हणजे एक फूट, आणि एक सूत म्हणजे तीन इंच. बस, कॅल्क्युलेटर नको. सात फुटी दार म्हणजे अठ्ठावीस सूत, साडेतीन इंच. खुर्चीची बैठक दीड फुटाची, सहा सूत. साडेपाच फुटी माणूस बावीस सूत, पावणेतीन इंच. स्टेजची ओपनिंग आम्ही तीस फूट धरली, ती पंधरा इंच, पुढून मागे खोली चोवीस फूट म्हणजे बारा इंच, उंची साडेसात. पोरीनं पट्टीवर सुतं मोजायला सुरुवात केली आणि त्या दिवसापासून घरातल्या प्रत्येक गोष्टीला "आबा, हे किती सूत?" सुरू झालं, आमटीच्या पातेल्यापासून माझ्या पोटापर्यंत.

(क्लोजअप, पुठ्ठ्याची कापलेली कड.)

ही कड बघा. दोन कागदांच्या मध्ये लाटांसारखा तिसरा कागद आहे, त्याच्या नळ्या झाल्यात. नळ्या उभ्या ठेवून भिंत कापली तर ती ताठ उभी राहते, वरून वही ठेवली तरी हलत नाही. नळ्या आडव्या आल्या की तासाभरात भिंत पोट काढते. तिची डावी भिंत पोट काढून बसली होती, पूर्ण रंगवून झाल्यावर. ती भिंत परत केली. रडली थोडी, पण केली.

सेट कशाचा, तर दिवाणखान्याचा, अर्थातच. मराठी नाटकाचा दिवाणखाना म्हणजे मध्ये सोफा, मागे दार, एका बाजूला वर जाणारा जिना ज्यावरून कोणीतरी नेमक्या वेळी खाली येतं. आपण हसतो त्याला, पण एके काळी हीच नवलाई होती. आधी मागे रंगवलेले पडदे असायचे, राजवाडा, रस्ता, जंगल, प्रवेश बदलला की पडदा बदलला. 1933 ला मुंबईत नाट्यमन्वंतर या नाटक मंडळीनं 'आंधळ्यांची शाळा' हे नाटक केलं त्यात खरोखरच्या भिंतींची, दारं-खिडक्यांची खोली स्टेजवर उभी केली, बॉक्स सेट. भाचीनं हे चार्टवर लिहिलंय, शुद्धलेखनाच्या तीन चुकांसकट, त्या मी मुद्दाम ठेवल्यात शूटमध्ये.

पडद्याला सगळ्यात जास्त वेळ गेला. तिला मखमल हवी होती, मेन रोडवरून अर्धा मीटर लाल मखमल आणली, टांगली, आणि ती पाटीसारखी ताठ उभी राहिली. कारण माप आपण छोटं केलं, कापडाची जाडी कोण छोटी करणार? मग ताईची एक विरलेली रेशमी ओढणी निघाली. ती पाणी घातलेल्या फेविकॉलमध्ये बुडवून, पेन्सिलींवर चुण्या पाडून रात्रभर वाळवली, तेव्हा कुठं पडदा पडल्यासारखा पडला.

आणि उघडतो कसा ते बघा, हे मला फार आवडलंय. वर जुन्या छत्रीची काडी आडवी, तिच्यात यू पिनांच्या रिंगा, रिंगांना पडदा. मागे दोन टोकांना दोन खिळे आणि त्या खिळ्यांभोवती दोऱ्याचा एकच वेढा. दोरा ओढला की वेढ्याची खालची बाजू उजवीकडे पळते आणि वरची डावीकडे. पडद्याचा एक भाग खालच्या दोऱ्याला बांधला, दुसरा वरच्या. ओढा एकच, पडदा दोन्हीकडे.

लाइटचं पटकन सांगतो. पहिला एलईडी तिनं सरळ नऊ व्होल्टच्या बॅटरीला लावला, टप्, गेला. मग जुना मोबाइल चार्जर घेतला, पाच व्होल्टचा, पांढरा एलईडी साधारण तीन व्होल्ट खातो, उरलेले दोन अडवायला प्रत्येकाला शंभर ओहमचा रेझिस्टर. समोरून सरळ लाइट टाकला तर माणसाची सावली मागच्या भिंतीवर राक्षसासारखी, म्हणून लाइट वर गेले, तिरके, पुढे बटर पेपर. थिएटरवाले रंगीत जिलेटिन लावतात, आमच्याकडे गोळीचा पिवळा कागद लागला. संध्याकाळ मस्त येते त्यातून.

(कॅमेरा वरून. मग हळूहळू खाली, स्टेजच्या पातळीला.)

आता हे नीट बघा. इतके दिवस आपण सगळे याच्याकडे असं वरून बघत होतो, भातुकलीसारखं. वरून काय दिसतं, तर काड्या, वायरी, फेविकॉलचे ओघळ. आबा गुडघे दुखत असताना जमिनीवर बसले, एक डोळा मिटला आणि म्हणाले, "नाटक वरून बघायची वस्तू नाही गं. तू कुठल्या खुर्चीत बसलीयस ते आधी सांग."

म्हणून टाचण्या. पहिल्या रांगेतली अगदी कोपऱ्यातली खुर्ची जिथं येईल तिथं एक टाचणी, तिला दोरा, तो कमानीच्या कडेला टेकवून ताणून आत न्यायचा. दोरा जिथं पोचतो तिथपर्यंत त्या खुर्चीतल्या माणसाला दिसतं. तिथं विंग पाहिजे, नाहीतर त्याला नाटकाऐवजी चहा पिणारा बॅकस्टेजवाला दिसणार. दोन्ही बाजूंनी दोरे ताणले तेव्हा कळलं की दिवाणखान्याच्या बाजूच्या भिंती सरळ ठेवून चालत नाही, पुढे येताना बाहेर फाकवाव्या लागतात. आणि आबांचा नियम, जो त्यांनी साईखेडकरच्या विंगेत उभं राहून पाठ केलाय, "तुला प्रेक्षक दिसला तर प्रेक्षकाला तू दिसलास."

(शाळेचा हॉल. टेबलांची रांग.)

प्रदर्शनाचा दिवस. भाचीनं दोन बाकं एकावर एक ठेवायची परवानगी मागितली, म्हणजे स्टेज डोळ्यासमोर येईल. नाही मिळाली, सगळ्यांची टेबलं एकसारखी दिसली पाहिजेत म्हणे. मग तिनं पाटी लावली, कृपया खाली बसून बघा. कोणी बसलं नाही. परीक्षक दोघं आले, वरूनच बघितलं, वरचं छत का नाही असं विचारलं, 'छान प्रयत्न' लिहिलं आणि शेजारच्या ज्वालामुखीकडे गेले. त्या ज्वालामुखीतून फेस येत होता, त्याच्याशी कोण स्पर्धा करणार.

मी कॅमेरा बंद करणार तेवढ्यात केजीची पोरं आली, रांगेत, एकमेकांचे शर्ट धरून. आणि त्यांना खाली बसावं लागलंच नाही. त्यांचे डोळे बरोब्बर स्टेजसमोर.

भाचीनं मोबाइलवर घंटा वाजवली. एक. दोन. पोरं गप्प. तिसरी. दोरा ओढला, पडदा दोन्हीकडे गेला, पिवळा लाइट आला आणि बावीस सुतांचा एक माणूस काडीवर सरकत दारातून आत आला, सोफ्यापाशी थांबला, परत विंगेत गेला.

"काका कुठं गेले?" एकानं विचारलं.

एक मुलगी मात्र रांग सोडून पार टेबलाच्या कोपऱ्याला गेली, गाल टेबलाला टेकवून तिरकी आत बघायला लागली आणि ओरडली, "बोट! ताईचं बोट दिसलं!"

सगळी पोरं त्या कोपऱ्यावर. भाचीनं माझ्याकडे बघितलं, मग दाराशी उभ्या आबांकडे. आबांनी लांबूनच दोन बोटं दाखवली.

तिनं विंग दोन सूत आत सरकवली आणि पुन्हा पहिली घंटा दिली.