स्लिंकी चालवणारी बाई

[जिना. स्लो मोशन.]

नीट बघा. ही स्लिंकी, जिना आपोआप उतरणारं स्प्रिंगचं खेळणं. वरचा वेढा पुढे झुकला, खालच्या पायरीवर टेकला. बाकीचे त्याच्यामागोमाग ओघळले. सगळी स्प्रिंग खाली गोळा झाली, पण अंगातला वेग अजून संपलेला नाही. त्याच वेगात मागचं टोक पलटी मारून पुढची पायरी गाठतं. चावी नाही, मोटर नाही. फक्त पायरीची उंची जमली पाहिजे.

[क्रॅम्प शिपयार्ड, जुने फोटो]

1943. युद्ध चालू होतं. फिलाडेल्फियाच्या या गोदीत रिचर्ड जेम्स हे इंजिनिअर जहाजावरची नाजूक उपकरणं लाटांत हलू नयेत म्हणून स्प्रिंगा तपासत होते. एक स्प्रिंग धक्का लागून पडली आणि खाली आपटून गप्प बसायच्या ऐवजी चालायला लागली. योग्य पोलाद आणि योग्य ताण जुळवण्यात पुढे बरेच महिने गेले. स्लिंकी हे नाव मात्र त्यांच्या बायकोने, बेटी यांनी, शब्दकोश चाळून काढलं. 500 डॉलरचं कर्ज काढून पहिले 400 नग तयार झाले.

नोव्हेंबर 1945. युद्धात धातूची खेळणी बनवायला बंदी होती, त्यामुळे मुलं पहिल्या शांत नाताळाची वाट बघत होती. फिलाडेल्फियातल्या गिंबल्स या मोठ्या दुकानात उतरती फळी मांडली, किंमत एक डॉलर. 90 मिनिटांत 400 च्या 400 संपल्या!

[कारखाना. क्लोजअप.]

हे यंत्र रिचर्ड यांच्या डोक्यातून निघालेलं. गोल तार आत जाते, रुळांखाली दबून चपटी होते आणि लगेच वळत जाते. सुमारे 80 फूट तार, दहाएक सेकंद. आवाज ऐका. वेढे एकमेकांना चिकटून बसतात, पण ताणून धरलेले नसतात. साध्या स्प्रिंगेला जिना उतरता येत नाही तो म्हणूनच.

[बेटी जेम्स यांचा फोटो]

खेळण्यांच्या इतिहासात नाव रिचर्ड यांचं आधी येतं. पेटंट त्यांचं, यंत्र त्यांचं, मान्य. पण 1960 मध्ये ते एका धार्मिक पंथासाठी बोलिव्हियाला निघून गेले. मागे राहिली सहा मुलं, कर्ज आणि डबघाईला आलेली कंपनी. तिथून पुढे स्लिंकी चालवली ती बेटी यांनी. कारखाना पेनसिल्व्हेनियातल्याच हॉलिडेजबर्ग गावी हलवला, देणेकऱ्यांना थोपवलं, आणि 1962 पासून टीव्हीवर स्लिंकीच्या जाहिरातीचं जिंगल वाजायला लागलं. त्या पिढीतल्या अमेरिकनांना ते अजून तोंडपाठ असतं.

किमतीबाबत बाई हट्टी होत्या. गरिबाघरच्या पोरांनाही खेळणं परवडलं पाहिजे, असं त्या म्हणत. 1990 च्या दशकातही साधी पोलादी स्लिंकी दोन डॉलरच्या आसपासच मिळायची. कोणताही मार्केटिंगवाला याला वेडेपणा म्हणेल.

[चाकांवरचा स्लिंकी कुत्रा, दोरीने ओढणारा मुलगा]

हा कुत्रा 1952 चा. व्हिएतनाममध्ये तर सैनिकांनी स्लिंकी झाडावर फेकून रेडिओची अँटेना म्हणून वापरली.

[पॅकिंगचा पट्टा, खोकी]

1998 मध्ये बेटी यांनी कंपनी विकली, 2008 मध्ये त्या गेल्या. विक्रीनंतरही कारखाना हॉलिडेजबर्गमध्येच राहिला.