किंमत आधी सांगा

गेम फुकट मिळतो आणि तरीही तो बनवणारी कंपनी पैसे कमावते, याचं मला कधी वाईट वाटलेलं नाही. हे आधीच सांगतो, कारण या विषयावर बोलणारा माणूस मोबाइल गेमच्या विरोधातच असणार असं बऱ्याच जणांनी मनाशी धरलेलं असतं. मी खेळतो. रोज खेळतो. त्या पडद्यावर चित्रकारांची, संगीतकारांची, प्रोग्रॅमरची मेहनत मला दिसते आणि तिचे पैसे द्यायला मी तयार आहे. माझं म्हणणं एवढंच आहे, की किती द्यायचे ते मला आधी कळलं पाहिजे.

गेमच्या आतलं दुकान उघडा. समजा तुम्हाला एक पोशाख हवा आहे, किंमत ६०० जेम्स, म्हणजे खरे पैसे देऊन घ्यायचं गेममधलं चलन. पण जेम्स मिळतात ५०० च्या किंवा ११०० च्या पॅकमध्ये. ६०० चा पॅकच नाही. तुम्ही ११०० घेता, पोशाख विकत घेता आणि ५०० उरतात. पुढची वस्तूही ६०० चीच. म्हणजे हातात काहीतरी आहे, पण त्याचं काही येत नाही. मग ते फुकट जाऊ नयेत म्हणून तुम्ही पुन्हा पॅक घेता. हे आकडे असे निष्काळजीपणाने ठरलेले नसतात. शिल्लक राहावी आणि ती टोचत राहावी, म्हणूनच पॅक तसे बांधलेले असतात. आणि मघाचा तो पोशाख खऱ्या पैशांत कितीला पडला, असं मी विचारलं तर तुम्हाला कॅल्क्युलेटर काढावा लागेल. युरोपियन युनियनच्या ग्राहक संरक्षण यंत्रणांनी मार्च २०२५ मध्ये गेममधल्या चलनाबद्दल काही तत्त्वं जाहीर केली. वस्तूची किंमत खऱ्या चलनातही दिसावी आणि नको असलेलं चलन ग्राहकाच्या गळ्यात मारू नये, ही त्यांतली दोन. इतकी साधी गोष्ट सरकारी यंत्रणांना लिहून काढावी लागते, यातच सगळं आलं.

आपण खेळणारे मात्र दुसऱ्याच भांडणात गुंतलेले असतो. पे टु विन, म्हणजे पैसे टाका आणि जिंका. समोरच्याने पैसे टाकले, त्याची तलवार माझ्यापेक्षा जड, म्हणून तो जिंकला. मी सहा महिने ग्राइंड करून, म्हणजे तेच तेच खेळत राबून, जिथे पोचलो तिथे तो एका रात्रीत आला. हा राग खरा आहे, मलाही आलेला आहे. त्यावरचा आपला ठरलेला तोडगा असा की स्किन, म्हणजे निव्वळ दिसण्यातला बदल विका, ताकद विकू नका. मीही बरीच वर्षं हेच म्हणत होतो. आता मला हा तोडगा अपुरा वाटतो.

ओव्हरवॉचचं उदाहरण घ्या. त्यातल्या लूट बॉक्समधून, म्हणजे आत काय निघेल ते नशिबावर असलेल्या डब्यांमधून, निघणाऱ्या वस्तू निव्वळ दिखाव्याच्या होत्या, कुणाच्या बंदुकीची ताकद त्याने वाढत नव्हती. आपल्या तोडग्याप्रमाणे हा गेम निर्दोष ठरायला हवा. पण एप्रिल २०१८ मध्ये बेल्जियमच्या गेमिंग कमिशनने फिफा १८ आणि काउंटर-स्ट्राइकसोबत ओव्हरवॉचचे लूट बॉक्सही जुगारात मोजले. त्यांनी पाहिलं ते एवढंच, की खेळणारा काही पणाला लावतो का, मिळणं न मिळणं नशिबावर आहे का, आणि त्यात हार-जीत आहे का. वस्तूने सामना जिंकता येतो का, हा प्रश्न त्यांच्या लेखी दुय्यम होता. ते मला पटलं. ठरलेल्या किमतीला उघडपणे विकलेली तलवार मला आवडत नाही, पण तिची किंमत तरी माहीत असते. लूट बॉक्समधला पोशाख कितीला पडेल ते घेणाऱ्याला पैसे टाकून झाल्यावरच कळतं.

हे नीट समजायला थोडं गणित करू. एखादं पात्र निघण्याची शक्यता १ टक्का आहे. बहुतेकांच्या मनात लगेच येतं, की शंभर वेळा पुल केलं, म्हणजे पैसे टाकून नशीब आजमावलं, की मिळणारच. तसं होत नाही. शंभर जणांनी प्रत्येकी शंभर पुल केले, तर त्यांतल्या साधारण ३७ जणांच्या हाती ते पात्र लागत नाही. दोन खेळाडू त्याच पात्रासाठी पैसे टाकत असतात, एकाला पहिल्याच पुलला मिळतं आणि दुसऱ्याला दोनशे करूनही नाही. एकाच वस्तूची दोघांना इतकी वेगळी किंमत पडते. पे टु विनवर आपण तावातावाने भांडतो, पण या विषमतेला ‘नशीब’ म्हणून सोडून देतो.

संच पूर्ण करायचा असेल तर हिशेब आणखी अवघड होतो. दहा वस्तूंचा संच आहे आणि दहाही निघण्याची शक्यता सारखी आहे असं धरा. पहिली वस्तू पहिल्याच पुलला येते, कारण काहीही आलं तरी ते नवीनच असतं. पण नऊ जमल्यावर उरलेल्या एकीसाठी सरासरी दहा पुल लागतात. सगळा संच जमवायला सरासरी २९ च्या आसपास पुल होतात आणि त्यांतले निम्म्याहून जास्त शेवटच्या दोनच वस्तू खातात. आता खेळणाऱ्याच्या बाजूने बघा. त्याला वाटतं, आठ झाले, आता थोडंच राहिलं. खर्चाच्या हिशेबात तो अजून अर्ध्यावरही आलेला नसतो. जपानमध्ये नशिबावर वस्तू देणाऱ्या अशा सोडतीला ‘गाचा’ म्हणतात आणि संच जुळवायला लावणाऱ्या प्रकाराला ‘कॉम्प्लीट गाचा’ म्हणत, असा संच पूर्ण करणाऱ्याला एक दुर्मीळ बक्षीस मिळे. वेगवेगळी चित्रं जुळवायला लावून बक्षीस देण्यावर तिथे जुन्या नियमांत बंदी होतीच. मे २०१२ मध्ये तिथल्या ग्राहक व्यवहार संस्थेने कॉम्प्लीट गाचाही त्याच बंदीत बसतो असं जाहीर केलं, आणि कंपन्यांना तो प्रकार बंद करावा लागला. साधा गाचा मात्र राहिला.

पुढचा उपाय आला तो शक्यता जाहीर करण्याचा. चीनने मे २०१७ पासून ते बंधनकारक केलं, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये अॅपलनेही अॅप स्टोअरच्या नियमांत ते घातलं. चांगलं झालं. पण जाहीर झालेला आकडा खरा आहे हे कोण तपासणार? दक्षिण कोरियात मेपलस्टोरी नावाचा जुना गेम आहे, मोबाइलवरचा नाही, संगणकावरचा. त्यात ‘क्यूब’ विकत घेऊन आपल्या शस्त्राचे गुण बदलता येत. लोकांना हवे असलेले गुण निघण्याची शक्यता नेक्सॉन कंपनीने न सांगता कमी केली होती आणि काही जोड्या तर निघणारच नाहीत अशी रचना केली होती, असा ठपका तिथल्या स्पर्धा आयोगाने ठेवला. जानेवारी २०२४ मध्ये कंपनीला सुमारे ११६० कोटी वॉन दंड झाला. शक्यता शून्य! जी वस्तू त्या डब्यात नव्हतीच, तिच्यासाठी माणसं वर्षानुवर्षं पैसे टाकत होती.

आता ‘पिटी’बद्दल. शब्दाचा अर्थ दया. ठरावीक पुल झाले की गेम दया करतो आणि चांगलं पात्र देतो. गेन्शिन इम्पॅक्टमध्ये पाच तारे असलेलं पात्र निघण्याची मूळ शक्यता ०.६ टक्के आणि दया ९० व्या पुलला. पण तेव्हाही निघतं ते हवं तेच पात्र असेल याची खात्री नसते. नाही निघालं तर पुन्हा ९०. म्हणजे कमाल मर्यादा १८०. मर्यादा आहे हे मी मान्य करतो, ती नसलेल्या गेमपेक्षा हा गेम बरा. पण ही दया माणसाला थांबू देत नाही. एकदा सत्तरीला पोचलात की मागे फिरणं म्हणजे सत्तर पुल वाया घालवणं वाटतं. हे मी स्वतःच्या अनुभवावरून सांगतो. एका गेमचा, नाव घेत नाही, एक इव्हेंट संपायला चार तास उरले होते. कोपऱ्यात घड्याळ उलटं चालत होतं. मी तीन वेळा टॉप-अप केलं. ते पात्र मिळालं आणि मला आनंद झाला नाही, फक्त सुटल्यासारखं वाटलं.

यावर कुणीतरी म्हणतंच, की जबरदस्ती कुणी केली? कुणीच नाही. पण ते घड्याळ कुणीतरी लावलं होतं. पात्र चार तासांनी नाहीसं होणार हे कुणीतरी ठरवलं होतं. ज्याने तहान लावली तोच पाणी विकतो आहे, आणि तेही घोटाघोटाने, भाव न सांगता. आवळा देऊन कोहळा काढणं ही म्हण या धंद्याला सरसकट लावतात, ती नीट बसत नाही. बहुतेक खेळाडू एक पैसाही देत नाहीत, त्यांच्याकडून कोहळा जात नाही. जातो तो मूठभरांकडून, आणि एकेकाकडून गाडीभर. धंद्याच्या भाषेत त्यांना ‘व्हेल’ म्हणतात, हा शब्द कॅसिनोतून आलेला आहे. ते सगळे श्रीमंत असतात असं आपण समजतो. २०१८ साली झेंडल आणि केर्न्स या संशोधकांनी लूट बॉक्सवरचा खर्च आणि जुगाराचं व्यसन यांचा संबंध तपासला. ज्यांचं व्यसन जास्त गंभीर त्यांचा खर्चही जास्त, असं त्यांना दिसलं. व्यसनामुळे खर्च वाढतो की खर्चामुळे व्यसन, हे त्यातून ठरत नाही. पण दोन्हींपैकी काहीही खरं असलं, तरी माझं फुकट खेळणं कुणाच्या जिवावर चाललं आहे, हा प्रश्न माझ्यापुरता तरी सुटत नाही.

मुलांबद्दल थोडक्यात बोलतो, कारण तिथे मतभेदाला जागाच नाही. अॅपलच्या फोनवर एकदा पासवर्ड टाकला की पुढची १५ मिनिटं मूल हवी तेवढी खरेदी करू शके, हे पालकांना सांगितलेलं नसे. या प्रकरणात २०१४ साली अमेरिकेत अॅपलला किमान ३.२५ कोटी डॉलर ग्राहकांना परत द्यावे लागले.

वेगळं करता येतं. जानेवारी २०१९ मध्ये फोर्टनाइट गेमच्या एका मोडमध्ये लूट बॉक्सच्या आत काय आहे ते पैसे देण्याआधी दिसायला लागलं. त्याच कंपनीने पुढे नकळत खरेदी होईल अशी बटणं ठेवल्याबद्दल ग्राहकांसाठी २४.५ कोटी डॉलर मोजायचं कबूल केलं, म्हणून ती आदर्श आहे असं मी म्हणणार नाही. पण डबा उघडून दाखवला म्हणून तो गेम बंद पडला नाही. आणि गेन्शिनच्या कंपनीशी जानेवारी २०२५ मध्ये अमेरिकेत जी तडजोड झाली, तिच्यात २ कोटी डॉलर दंडाबरोबर एक चांगली अट आहे. लूट बॉक्स गेममधल्या चलनात विकायचा असेल तर तो थेट खऱ्या पैशांत घेण्याची सोयही ठेवावी लागेल.

मला आणखी एक ओळ हवी आहे. दुकान उघडलं की सगळ्यात वर, मोठ्या अक्षरांत, आजवर या गेममध्ये मी किती खरे पैसे घातले तो आकडा. त्या तीन टॉप-अपनंतर मी तो आकडा बँकेचे मेसेज एकेक करून शोधून जमवला, त्यात एक आख्खी दुपार गेली. मी किती सामने जिंकलो, किती तास खेळलो, कोणत्या पात्राने किती वार केले, हे सगळं तोच गेम एका बोटावर दाखवत होता.