चिवडा कुठे बसतो?

(दृश्य: जेवणाचं टेबल. कागदावर रिकामी चौकट, शेजारी शब्दांची यादी, पेन्सिल, खोडरबर.)

या कोड्यात ओळखायचं काहीच नाही. 'भीमाचे शस्त्र, दोन अक्षरी' असलं काही विचारलेलं नाही. सगळे शब्द समोर छापलेत. दोन अक्षरी, तीन अक्षरी, चार अक्षरी, असे वेगवेगळे गट करून. आपण फक्त कुठला शब्द कुठे बसतो ते शोधायचं. नेहमीचं शब्दकोडं सोडवणारे याला जरा नाक मुरडतात. मुरडू देत. त्यांतल्या एकाला बसवून बघा, चहा गार होईपर्यंत मान वर येत नाही.

(दृश्य: चौकटीत एकच शब्द आधीपासून लिहिलेला: नवरात्र.)

सुरुवातीला एक शब्द भरून दिलेला असतो. ही पद्धत शब्दकोड्याच्या जन्माइतकी जुनी. २१ डिसेंबर १९१३च्या रविवारी 'न्यू यॉर्क वर्ल्ड' या वृत्तपत्रात आर्थर विन यांनी पहिलं शब्दकोडं छापलं. शंकरपाळ्याच्या आकाराचं होतं ते. त्यातही 'फन' हा शब्द आधीच भरलेला होता. मजा!

आता आपली मजा. नवरात्र म्हणजे न, व, रा, त्र. घरं चार. मराठीत एका घरात एक अख्खं अक्षर बसतं, काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षरासकट. 'पुस्तक' तोंडाने म्हणताना आपण 'पुस्-तक' असा तोडतो, पण घरात तो पु, स्त, क असाच जातो. 'महाराष्ट्र'मधला 'ष्ट्र' एवढा लांबलचक, तरी त्याला घर एकच. मुलांना पहिल्यांदा हे कोडं दिलं की अर्धा वेळ बोटांवर अक्षरं मोजण्यात जातो. तो वेळ वाया गेला असं मला वाटत नाही.

यात मराठी कोडं सोडवणाऱ्याचा मोठा फायदा आहे. इंग्रजीत एका घरात फार तर २६ अक्षरांपैकी एक येणार. आपल्याकडे क ते ळ ३४ व्यंजनं, प्रत्येकाची बाराखडीतली १२ रूपं. ४०८ तर इथेच झाली, जोडाक्षरं वेगळीच. त्यामुळे दोन शब्द जिथे एकमेकांना छेदतात, ते एक घर फार बोलतं. नुसता 'क' मिळाला आणि 'की' मिळाली यात जमीन-अस्मानाचा फरक. दुसऱ्या घरात 'त्र' असलेले चार अक्षरी शब्द आपल्या यादीत किती? छत्रपती, पत्रकार, चित्रकार. बस, तीनच.

(दृश्य: पेन्सिलचं टोक यादीवरून खाली सरकतं.)

पण सरावलेला माणूस आधी तिकडे वळत नाही. तो ज्या गटात सगळ्यात कमी शब्द आहेत तो गट बघतो. पाच अक्षरी शब्द इथे एकच आहे, 'रखरखीत'. पाच घरांची जागाही एकच. डोळे मिटून लिहा, यादीत त्यावर काट मारा. ही काट विसरलात तर पुढे तोच शब्द दोनदा वापराल आणि कोडं छापणाऱ्याला शिव्या द्याल.

'रखरखीत' बसला आणि वरून येणाऱ्या उभ्या शब्दाला शेवटचं अक्षर मिळालं, 'र'. छत्रपती बाद. उरले पत्रकार आणि चित्रकार. शेवटची तीन अक्षरं जशीच्या तशी. भांडण फक्त पहिल्या घराचं.

आम्ही पत्रकार लिहिला. का? उगाच. वरच्या आडव्या ओळीत 'प'ने सुरू होणारा तीन अक्षरी शब्द हवा होता, 'परात' चपखल बसली. परातीच्या 'त'वरून 'तबला' खाली उतरला. इतकं सरळ जमत गेलं की कुणालाच शंका आली नाही. चुकीचा शब्द असाच बसतो, घरच्यासारखा.

(दृश्य: चौकटीचा खालचा डावा कोपरा. पेन्सिल थांबलेली.)

पंधरा मिनिटांनी दुसऱ्या कोपऱ्यात 'मंडप' लिहिला. त्याच्या 'प'वरून चार घरं खाली जातात. 'प'ने सुरू होणारा चार अक्षरी शब्द? यादीत एकच होता, आणि त्यावर काट मारलेली. खाली चिवडा आणि डाळिंब नुसते बसून. मग खोडरबर. आधी तबला गेला, मग परात, मग पत्रकार. तिथे चित्रकार आला, 'चि'वरून चिवडा आणि चिवड्याच्या 'डा'वरून डाळिंब. कागद तेवढ्या भागात काळपट झाला आणि थोडा फाटलासुद्धा.

संगणकही हेच करतो, फक्त कंटाळत नाही. शब्द ठेवून बघायचा, अडलं की मागे फिरायचं, दुसरा ठेवायचा. दिलेले शब्द चौकटीत बसवता येतील का, हा प्रश्न मायकेल गॅरी आणि डेव्हिड जॉन्सन या संगणकशास्त्रज्ञांनी १९७९ साली केलेल्या महाकठीण प्रश्नांच्या यादीत आहे. चौकट मोठी होत गेली की कुठलीही हमखास झटपट युक्ती अजून कुणाला सापडलेली नाही. नाक मुरडणाऱ्यांनी याची नोंद घ्यावी.

(दृश्य: यादी. जवळजवळ सगळ्या शब्दांवर काट.)

उद्याच्या अंकात उत्तर बघायची इथे गरज पडत नाही. शेवटचा शब्द बसला की सगळं बरोबर. आता उरलाय एक तीन अक्षरी, पहिल्या घरात 'त' आधीच आहे.

तबला. ब... ला.

(दृश्य: पेन्सिल टेबलावर ठेवली जाते. चहाच्या कपावर साय.)