वाडीतला दादा कुठे गेला?

[दृश्य: खाडीवरची जेटी, भरतीची वेळ. मुलं एकामागून एक पाण्यात उड्या घेताहेत.]

भरती पुरती चढली की जेटीवर पोरं जमतात. यांना पोहायला कुणी शिकवलं, असं विचारून बघा, धड उत्तर मिळत नाही. मोठ्यांनी ढकललं, बरोबरीचे हसले, नाकातोंडात पाणी गेलं आणि कधीतरी हातपाय चालायला लागले. कोकणच्या किनाऱ्यावर कित्येक पिढ्या अशाच पोहायला शिकल्या. ना वर्ग, ना फी. कठड्यावर उभ्या राहिलेल्या मुलाला खालून एकच प्रश्न येतो, "काय रे, फाटली काय?"

आता हाच प्रश्न सुकतीला विचारला तर? पाणी उतरलंय, खाली खडक उघडे पडू लागलेत. विचारणारे तेच, वर उभा राहिलेला मुलगाही तोच.

[दृश्य: पावसाळी समुद्र. किनाऱ्यावर ओढून झाकलेल्या होड्या.]

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांची मासेमारी बंद असते. ज्यांचं पोट समुद्रावर चालतं, ते या दिवसांत होड्या वर ओढून ठेवतात. आणि नेमके याच दिवसांत गणपतीपुळ्याला, आरे-वारेला मित्रांचे घोळके कमरेएवढ्या पाण्यात शिरतात. मागे फिरणारी लाट पायाखालची वाळू काढून नेते. एखाद्या पट्ट्यात पाणी जोराने आत ओढलं जातं, आणि त्या ओढीच्या विरुद्ध हात मारत राहिलं तर पट्टीचा पोहणाराही दमतो. अशा वेळी किनाऱ्याला समांतर, बाजूला सरकायचं असतं. गावातल्या पोरांना हे ठाऊक असतं. पाहुण्यांना नसतं, म्हणून ते बुडतात, असं आपण म्हणतो. पण गावातलीही पोरं जातात. ठाऊक असूनसुद्धा चौघांच्या देखत "मी नाय येत" म्हणणं जमत नाही.

[दृश्य: सड्यावरचा रस्ता. एका बाइकवर तिघं.]

अमेरिकेत, फिलाडेल्फियाच्या टेम्पल विद्यापीठात, मार्गो गार्डनर आणि लॉरेन्स स्टाइनबर्ग यांनी हे मोजून पाहिलं. २००५ साली त्यांचा प्रयोग प्रसिद्ध झाला. पडद्यावरची गाडी चालवायची. सिग्नल पिवळा झाला की थांबायचं की आणखी पुढे रेटायचं, हे ज्याचं त्याने ठरवायचं. पुढे गेलं तर गुण वाढतात, पण गाडी आदळली तर मिळवलेलं जातं. १३ ते १६ वर्षांची मुलं, १८ ते २२ चे तरुण आणि २४ च्या पुढचे, असे तीन गट होते. शेजारी दोन मित्र बघत बसले, तेव्हा १३ ते १६ च्या मुलांनी एकट्याने खेळताना घेतला त्याच्या जवळपास दुप्पट धोका घेतला. २४ च्या पुढच्यांना मित्र शेजारी असले काय, नसले काय, फारसा फरक पडला नाही.

"या वयात पोरांना अक्कल नसते" हे आपलं आवडतं वाक्य इथेच लंगडं पडतं. एकट्याने खेळताना अक्कल होती की.

पुढे २०११ मध्ये याच गटातल्या संशोधकांनी असाच खेळ चालू असताना मेंदूचं चित्रण केलं. मित्र बघताहेत एवढं कळलं तरी बक्षिसाच्या आशेने जागा होणारा मेंदूचा भाग किशोरवयीन मुलांमध्ये जास्त काम करू लागतो. हल्ली तर बघणारे शेजारी असावेच लागत नाहीत. धबधब्याच्या कड्यावर उभं राहून काढलेली रील रात्री किती जणांनी बघितली, हे मोजायला खिशात मोबाइल असतोच.

[दृश्य: नाक्यावरची टपरी.]

महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे. बंदी असो वा नसो, पहिली पुडी सहसा कुणी स्वतः विकत घेत नाही. ती मित्राच्या हातून येते, फुकट, तोंड फाडलेली. म्हणून तंबाखूच्या दुष्परिणामांवर शाळेत केलेलं भाषण बहुधा वाया जातं. कॅन्सर होतो हे मुलाला पाठ असतं. त्याच्यापुढचा प्रश्न वेगळाच असतो. पुडीला नाही म्हणायचं म्हणजे पुढे केलेला हात नाकारायचा, आणि तो हात रोज त्याच्याबरोबर क्रिकेट खेळणाऱ्याचा असतो.

"संगत चांगली धर" असं घरचे सांगतात. शहरात ठीक आहे. वाडीत तुमच्या वयाची मुलं असतात सात-आठ. त्यातली दोन चुलत भाऊ, एक शेजारचा. निवडायचं कोणाला आणि टाळायचं कोणाला? एसटी तीच, मैदान तेच, शिमग्याला खांद्याला खांदा लागणार तोही यांचाच.

[दृश्य: शिमगा. ढोल-ताशांच्या गजरात नाचणारी ग्रामदेवतेची पालखी.]

शिमग्याचं मात्र सविस्तर सांगायला हवं, कारण पोरांच्या घोळक्याची दुसरी बाजू इथे उघड दिसते.

पालखी नाचवायची म्हणजे जोर लावून भागत नाही. पुढच्याचं पाऊल मागच्याने ओळखायचं, ढोलाचा ठेका बदलला की वजन या खांद्यावरून त्या खांद्यावर घ्यायचं, आणि एक जण चुकला तर सगळे अडखळतात. हे कुणी वहीत लिहून देत नाही. पोरगा आधी दोन-तीन वर्षं बाजूने धावतो. मग कधीतरी एखादा थोराड मुलगा दमून खांदा काढतो आणि म्हणतो, "ये, लाव." त्या "ये, लाव"साठी पोरगा वर्षभर सरळ वागायला तयार असतो. पिऊन पालखीला हात लावलेला गावाला चालत नाही. हा नियम पाळायला पोलीस लागत नाहीत, बाजूचाच त्याला मागे खेचतो. (पालखी सहाणेवर, म्हणजे तिच्या मुक्कामाच्या ओट्यावर, बसली की मग काय काय होतं, ते गावाला विचारा. आम्ही शिमग्याचे गोडवे गायला बसलेलो नाही.)

जाखडी नाचाचंही तसंच. गणपती जवळ आले की रात्री कुणाच्या तरी खळ्यात तालीम सुरू होते. मध्ये गाणारे आणि वाजवणारे, भोवती रिंगण धरून पायात घुंगरू बांधलेले नाचे. वर्गात तोंड न उघडणारा मुलगा इथे कोरसमध्ये आवाज लावतो. चुकला तर सगळे हसतात, पण त्याला रिंगणातून काढत नाहीत. चिडवण्याचा आणि सांभाळण्याचा आवाज एकच असतो. तो ओळखायला बाहेरच्या माणसाला वेळ लागतो, आणि आतल्या मुलाचीही कधी कधी फसगत होते.

[दृश्य: सकाळची एसटी. फाट्यावर उभ्या असलेल्या मुली.]

मुलींची गोष्ट थोडी निराळी. दहावीच्या निकालात कोकण विभाग राज्यात पहिला येतो, ही आता बातमीही राहिलेली नाही. २०२५ मध्ये निकाल ९८.८२ टक्के लागला. खरा प्रश्न त्यानंतरचा. कॉलेज तालुक्याला, वाडीपासून फाट्यापर्यंत चालायचं, संध्याकाळची गाडी उशिरा आली की येताना काळोख. बारावीपर्यंत मुलींना एसटीचा पास फुकट आहे, पण तो काळोख काही पासावर पार होत नाही. तिथे सोबत लागते. "त्या दोघी जातायत ना, मग हिलाही जाऊ दे," या एका वाक्यावर घरचा होकार मिळतो. तिघींतल्या एकीचं लग्न ठरलं किंवा एकीने मध्येच सोडलं, की उरलेल्या दोघींच्या घरी पुन्हा चर्चा सुरू होते. मैत्रिणींचा दबाव म्हटला की आपल्याला नवा ड्रेस आणि मोबाइलच आठवतो. इथे मैत्रिणीचं कॉलेजला जाणं म्हणजे आपलं कॉलेज टिकणं असतं.

[दृश्य: बंद घरांची रांग. अंगणात वाढलेलं गवत.]

आता पुन्हा टेम्पल विद्यापीठाकडे जाऊ. स्टाइनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये आणखी एक प्रयोग प्रसिद्ध केला, आणि आमच्या मते कोकणाने वाचायचा तो हाच. १८ ते २२ वयाचे तरुण चौघा-चौघांच्या गटात बसवले. अपेक्षेप्रमाणे गटात ते जास्त धोका पत्करू लागले. मग काही गटांमध्ये त्यांच्यापेक्षा थोडाच मोठा, पंचविशीतला माणूस घातला. तेवढ्याने ते पुन्हा एकट्याने ठरवावं तसं विचारपूर्वक ठरवू लागले. त्यासाठी बाप नको होता, मास्तर नको होता. चार-पाच पावसाळे जास्त बघितलेला एक जण पुरला.

आपल्याकडे त्यालाच दादा म्हणतात. जेटीवर "आज नको रे, पाणी खराब आहे" असं तोच म्हणतो, आणि त्याने म्हटलं की कुणाची फाटली असा अर्थ निघत नाही.

पण तो आहे कुठे? २००१ ते २०११ या दहा वर्षांत रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या सुमारे १६.९७ लाखांवरून १६.१५ लाखांवर आली. सिंधुदुर्गाचीही घटली. २०११ च्या जनगणनेत रत्नागिरीत दर १००० पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. बायका जास्त जन्माला आल्या असा याचा अर्थ नव्हे. पुरुष विरारला, दिव्याला, नालासोपाऱ्याला आहेत. वाडीत उरतात म्हातारी माणसं, बाया, शाळकरी पोरं आणि हे सोळा-सतरा वर्षांचे. मधल्या वयाची पिढी गणपतीला आणि शिमग्याला येते, नवे बूट आणि नवी बाइक घेऊन. पाच दिवसांत ती जे दाखवते, ते पोरं उरलेलं वर्षभर गिरवतात. आलेला दादा कपाटातून क्रिकेटचं किट काढतो की बाटली, यावर बरंच ठरतं.

[दृश्य: शाळेतलं व्यासपीठ, १ ऑगस्ट.]

दादा नसेल तर निदान एक जोडीदार तरी हवा. सॉलोमन ॲश या मानसशास्त्रज्ञाने १९५० च्या दशकात रेघांचा प्रयोग केला. कोणती रेघ दिलेल्या रेघेएवढी आहे, एवढंच सांगायचं. खोलीतले बाकीचे सगळे आधीच सामील करून घेतलेले, आणि मुद्दाम चुकीचं उत्तर देणारे. डोळ्यांना खरं दिसत असूनही सुमारे तीन चतुर्थांश लोक कधी ना कधी त्यांच्यामागे गेले. पण त्या सगळ्यांत एकाने जरी खरं उत्तर दिलं, तर चुकांचं प्रमाण सुमारे पावपट उरलं.

टिळकांची शेंगांच्या टरफलांची गोष्ट आपण मुलांना धैर्य शिकवायला सांगतो, आणि टिळक तर रत्नागिरीचेच. दर १ ऑगस्टला तेच भाषण, त्याच हातवाऱ्यांसह, ओळीने दहा मुलं म्हणतात. एकट्याने नकार देण्याची गोष्ट इतक्या एकसुरात ऐकताना हसू येतं. शिवाय सगळ्यांनी टिळक व्हावं ही अपेक्षाच जरा जास्त आहे. दुसऱ्याने मान हलवली, तर सामान्य मुलगाही नाही म्हणू शकतो.

[दृश्य: रिक्षा स्टँड. शेजारी आंब्याच्या पेट्या भरणारा तरुण.]

गावात राहिलेले अजिबात नाहीत असं नाही. प्रत्येक वाडीत पंचवीस-अठ्ठावीसचे एक-दोन असतात. एक रिक्षा चालवतो, एक आंब्याच्या पेट्या भरतो, एखादा ट्रॉलरवर जातो. "मुंबईत जमलं नाही म्हणून राहिला" असं त्यांच्याबद्दल बोललं जातं. लग्नाच्या बाजारात त्यांना भाव नाही. पोरं मात्र यांचं ऐकतात. जेटीवर यांच्याकडे बघून उडी मारतात, यांच्याकडे बघून थांबतात. रात्री कुणाची गाडी घसरली तर पहिला फोन यांनाच जातो, घरी नंतर.

गणपतीत मंडळाची सभा भरते. देवळाचे पत्रे, वर्गणी, पाण्याची टाकी, सगळे विषय निघतात. अध्यक्ष मुंबईचा, सचिव मुंबईचा. आणि या गावात राहिलेल्याला अजून कुणी खजिनदारसुद्धा केलेलं नाही.