शुगर उतरली की चढली? प्रथमोपचार करणाऱ्यांसाठी मधुमेहाचे प्रकार

नमस्कार मंडळी. वारीच्या वाटेवर किंवा गणपतीच्या मांडवात प्रथमोपचाराला उभे राहणारे स्वयंसेवक, आजचा व्हिडिओ तुमच्यासाठी.

समोरचा माणूस घामाने डबडबलाय, हात थरथरताहेत, बोलणं असंबद्ध. लोक म्हणतात, प्यायलाय. पण ही शुगर उतरल्याची लक्षणं असू शकतात. तुम्ही मात्र विचारायचं, "माऊली, शुगर आहे का? गोळी घेता की इन्सुलिन? शेवटचं कधी खाल्लंत?"

टाइप 1 मध्ये शरीरात इन्सुलिन, म्हणजे रक्तातली साखर कमी करणारं संप्रेरक, जवळजवळ तयारच होत नाही. बहुधा लहान वयात सुरू होतो, पण चाळिशीतही होऊ शकतो. इंजेक्शन घेतलं आणि जेवण राहिलं, की शुगर उतरते. इंजेक्शनच चुकत गेलं तर चढते: खूप तहान, उलट्या, खोल आणि भरभर श्वास, तोंडाला पिकल्या फळासारखा वास. तिथे वेळ न घालवता थेट हॉस्पिटल.

बहुतेक मधुमेही टाइप 2 चे, म्हणजे इन्सुलिन बनतं पण पुरेसं लागू पडत नाही. नुसत्या मेटफॉर्मिनने शुगर सहसा फार उतरत नाही. ग्लिमेपिराइडसारख्या गोळीने उतरते. एकादशीचा उपास, सकाळची नेहमीची गोळी आणि वर दिवसभराची चाल, मला सगळ्यात जास्त काळजी याची वाटते. गरोदरपणातल्या मधुमेहातही बाई इन्सुलिनवर असेल तर हाच धोका.

माणूस शुद्धीवर असेल, नीट गिळत असेल, तर 15 ग्रॅम ग्लुकोज पावडर पाण्यातून द्या. साखरही चालते, पण व्होग्लिबोज (साखरेचं पचन लांबवणारी गोळी) घेणाऱ्याला ती लवकर लागू पडत नाही, म्हणून पेटीत ग्लुकोजच ठेवा. पेढा, चॉकलेट नको; त्यातल्या स्निग्धांशामुळे उशीर होतो. 15 मिनिटांनी ग्लुकोमीटरने (बोटाच्या थेंबभर रक्तातली शुगर मोजणारं यंत्र) तपासा, 70 mg/dL च्या खाली असेल तर पुन्हा द्या. ग्लुकोमीटर नाही? तरी द्या. शुगर चढलेली असली तरी एवढ्याने फारसं बिघडत नाही. उतरलेली असताना थांबलात, तर जीव जाऊ शकतो.

बेशुद्ध असेल तर तोंडात काहीही घालू नका, चिमूटभर साखरसुद्धा नाही. श्वास चालू आहे ना ते पाहा, कुशीवर वळवा, 108 ला फोन करा. इन्सुलिन तुम्ही कधीच द्यायचं नाही.

तरतरी आली की माऊली म्हणतील, "निघतो पुढे." निघू देऊ नका. ग्लिमेपिराइडचा असर तासन्‌तास टिकतो, शुगर पुन्हा उतरू शकते. त्यांना काहीतरी पोटभरीचं खाऊ घाला, गोळ्यांचं पाकीट बरोबर घ्या आणि डॉक्टरांच्या तंबूपर्यंत स्वतः सोबत जा.