‘व्हॅम्पिर’चा राखाडी उजेड

मित्रहो, जाहीर झालेला विषय आहे ‘व्हॅम्पिर’ या दिग्दर्शक कार्ल ड्रायरच्या १९३२ सालच्या रक्तपिपासूच्या चित्रपटातला आवाज. त्याकडे येतोच. पण त्याआधी या चित्रपटातल्या उजेडाबद्दल बोलल्याशिवाय माझ्याच्याने पुढे जाववणार नाही.

कार्ल ड्रायरच्या १९२८ सालच्या ‘जोन ऑफ आर्क’चं कौतुक उदंड झालं, पैसा मात्र वसूल झाला नाही. पुढच्या चित्रपटाला पैसे कोण देणार? निकोलस द गुन्झबुर्ग नावाचा तरुण बॅरन तयार झाला. अट एकच, नायक मी होणार! ज्युलियन वेस्ट हे नाव घेऊन तो झालाही. हसताय, पण त्याचं ते झोपेत चालल्यासारखं वावरणं बघा. कसलेल्या नटाला ते साधलं नसतं. उरलेल्यांत व्यावसायिक नट फक्त दोन. रक्तपिपासूला साथ देणारा तो भयंकर डॉक्टर झालेला माणूस तर पॅरिसच्या मेट्रोत रात्री दिसलेला एक गृहस्थ.

चित्रीकरण फ्रान्समध्ये, कूर्तांपिएर गावात, खऱ्या वास्तूंमध्ये. सुरुवातीचे रशेस, म्हणजे चित्रित झालेले कच्चे तुकडे, बघताना एक शॉट राखाडी निघाला. शोध घेतला तेव्हा कळलं, चुकून एक उजेड थेट भिंगावर पडला होता. दुसऱ्या कुणी तो शॉट फेकून दिला असता. ड्रायर आणि छायालेखक रुडॉल्फ माते यांनी मात्र तीच चूक उचलली. कॅमेऱ्यापुढे जाळीचं कापड धरायचं, त्यावर दिवा मारायचा आणि परतणारा उजेड भिंगात घ्यायचा. भर दुपारही पहाटेच्या धुक्यात भिजलेली दिसते ती त्यामुळे.

म्हणून माझा जीव तुटतो. गेल्या वर्षी एका ठिकाणी हा चित्रपट दाखवताना, प्रिंट फिकट आहे असं समजून प्रोजेक्टरचा कॉन्ट्रास्ट चढवला होता. काळं कुळकुळीत, पांढरं लख्ख! धुकं गेलं, आणि चित्रपटही गेला. मूळ निगेटिव्ह हरवलेली. जर्मन आणि फ्रेंच प्रती जुळवून १९९८ साली चित्रपट-जतनतज्ज्ञ मार्टिन कोर्बर यांनी चित्रपट उभा केला. एवढ्या कष्टानं वाचवलेला राखाडी रंग एका बटणानं घालवायचा? आणि इथे पांढराही भिववतो. डॉक्टर गिरणीत अडकतो आणि वरून पीठ पडत राहतं, तो गुदमरून मरेपर्यंत. जर्मन सेन्सॉरने या प्रसंगाला कात्री लावली.

दहा मिनिटं उरल्याची चिठ्ठी आली आहे. तर, आवाज.

चित्रण मूक झालं, आवाज मागाहून चढवला. जर्मन, फ्रेंच, इंग्रजी अशा तीन भाषांत काढायचा होता, म्हणून संवाद अगदी मोजके. ही व्यवहाराची अडचण होती, पण परिणाम बघा. ओठ इथे हलतात, आवाज कुठून तरी दुसरीकडून येतो. याच चित्रपटात एका सैनिकाची सावली त्याला सोडून फिरते आणि परत येऊन त्याच्याशेजारी बसते. माझं म्हणणं एवढंच, की आवाजही तसाच देहापासून सुटलेला आहे. रक्तपिपासू म्हातारी फारशी दिसतही नाही, पण माणसातून त्याचं काहीतरी काढून घेतलं गेलंय हे प्रत्येक दृश्यात कानाला जाणवतं.

१९३२च्या मे महिन्यात बर्लिनच्या प्रेक्षकांनी चित्रपटाची हुर्यो उडवली. ड्रायर कोलमडला. त्याचा पुढचा कथाचित्रपट यायला १९४३ साल उजाडलं. आता दिवे घालवा, आणि त्या म्हातारीनं चावलेली लिओन बहिणीकडे बघून हळूहळू हसते तेव्हा संवादाची वाट पाहू नका. तो नाहीच.